नळाला करंट कुठून येतो?

नाशिकचा हिवाळा बोचरा असतो. शेजारच्या निफाडात, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात, पारा पाच अंशांखाली उतरल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. अशा दिवसांत अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला निघालेला कामगार पहाटे पाचलाच गिझरचं बटण दाबतो. एके काळी हे काम तांब्याचा बंब करायचा. गोवऱ्या आणि ढलप्या पेटवताना डोळ्यांत धूर जायचा, पण बंबाला हात लावून कुणाला शॉक बसल्याचं ऐकिवात नाही. गिझरनं धूर घालवला आणि न्हाणीघरात २३० व्होल्ट आणून ठेवले.

मग एखाद्या सकाळी घरातलं कुणीतरी ओरडतं, 'नळाला करंट येतोय!' कधी नुसत्या मुंग्या येतात, कधी हात झटक्यानं मागे येतो. बऱ्याच घरांत पहिला फोन प्लंबरला जातो. तो येतो, मिक्सर उघडतो, वॉशर बदलतो, निघून जातो. दोन दिवसांनी मुंग्या पुन्हा सुरू. प्लंबरचं काही चुकलेलं नसतं. नळ हे फक्त तक्रारीचं ठिकाण असतं, दोष दुसरीकडे कुठेतरी असतो.

परतीची वाट

वीज नळात 'येते' आणि तिथे थांबते, असं नसतं. पाथर्डी फाट्यावरच्या किंवा उत्तमनगरच्या कुठल्याही घरात फेजच्या तारेतून आलेला प्रवाह न्यूट्रलच्या तारेनं गल्लीच्या कोपऱ्यावरच्या रोहित्राकडे परत जातो. रोहित्राचा न्यूट्रल जमिनीशी जोडलेला असतो. त्यामुळे प्रवाहाला परतीची आणखी एक वाट खुली राहते, ती म्हणजे जमीन. घरातल्या एखाद्या उपकरणाचं आवरण फुटलं, तार सोलवटली किंवा जोड सुटला, की थोडा प्रवाह ठरलेली वाट सोडून जे धातूचं आणि जे ओलं मिळेल त्यातून जमिनीकडे निघतो. यालाच भटका प्रवाह म्हणतात. ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहून नळाची धातूची चावी फिरवणारा माणूस हा त्या वाटेतला शेवटचा टप्पा ठरतो.

भटक्या प्रवाहाचा अभ्यास आधी घरांमुळे नव्हे, रुळांमुळे सुरू झाला. जगभरच्या शहरांत विजेच्या ट्राम आल्या तेव्हा रुळांतून परतणारा एकदिश प्रवाह जमिनीत गळू लागला. शेजारून गेलेल्या लोखंडी जलवाहिन्यांत तो शिरायचा, आणि जिथून बाहेर पडायचा तिथे नळाचं लोखंड खाऊन टाकायचा. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली धावली, आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावरची पहिली गाडी सुटली. ती यंत्रणा पुढे थेट इगतपुरीपर्यंत आली, आणि तिथून पुढे नाशिककडे २५ हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह. म्हणून अनेक दशकं बहुतेक गाड्यांना इगतपुरीत इंजिन बदलावं लागे. घरातला प्रवाह प्रत्यावर्ती असल्यामुळे तो पाइप फारसा कुरतडत नाही. त्याचा धोका आहे तो माणसाच्या हृदयाला.

गिझरच्या पोटात

साठवणीच्या गिझरमध्ये पाणी तापवणारी नायक्रोमची तार पाण्याला थेट शिवत नाही. ती तांब्याच्या किंवा निकेलच्या मिश्रधातूच्या नळीत बसवलेली असते, आणि मधल्या पोकळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी ठासून भरलेली असते. ही भुकटी उष्णता जाऊ देते, वीज अडवते. तिचा एकच शत्रू आहे, ओल.

बोअरवेलचं जड पाणी वापरणाऱ्या घरांत कॉइलवर क्षारांचा थर चढत जातो. थरामुळे उष्णता बाहेर पडत नाही, नळी जास्त तापते आणि एक दिवस तिला बारीक चीर जाते. चिरेतून पाणी भुकटीत मुरतं. गिझर मात्र चालूच राहतो, पाणीही तापतं. फरक एवढाच की आता फेजचा काही अंश टाकीत आणि पाण्यात उतरलेला असतो. गिझरला अर्थिंगची तार नीट जोडलेली असेल तर गळती तिकडे वळते. थ्री-पिनची मोठी पिन सैल असेल, कुणी तोडून टाकली असेल किंवा भिंतीतल्या सॉकेटपर्यंत तिसरी तार कधी आलीच नसेल, तर उरते फक्त नळाची वाट.

गिझर हा एकमेव संशयित नाही. जमिनीखालच्या टाकीतल्या सबमर्सिबल मोटरचं सील गेलं की वर जाणारा सगळा लोखंडी पाइप 'जिवंत' होऊ शकतो. उन्हाळ्यात पाण्याचा दाब कमी झाला की काही जण नळाच्या लाइनलाच टिल्लू पंप लावतात. तो ओल्या जमिनीवर पडलेला असतो आणि त्याची वायर चिकटपट्टीनं जोडलेली असते. बादलीत सोडलेला हीटर रॉड, भिंतीत खिळा ठोकताना सोललेली वायर, ओल आलेल्या भिंतीतला जुना जोड, या सगळ्यांचा शेवट नळावरच दिसू शकतो. कधी दोष आपल्या घरातही नसतो. इमारतीची पाइपलाइन एकच असेल, तर तळमजल्यावरच्या मोटरची गळती तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरात जाणवते.

पाइप बदलला, गणित बदललं

सिडकोनं नवीन नाशिकमध्ये सहा योजनांत घरं बांधली तेव्हा नळाचे पाइप लोखंडी, म्हणजे जीआयचे असत. धातूचा पाइप हा उत्तम वाहक. गिझर गळला तर २३० व्होल्टचा मोठा हिस्सा थेट नळाच्या चावीवर. आता जुनी घरं वाढली, त्यांच्यावर मजले चढले, आणि नव्या बांधकामांत पांढऱ्या-पिवळ्या सीपीव्हीसी पाइपांनी जीआयची जागा घेतली. प्लास्टिक वीज वाहत नाही, म्हणून धोका संपला असं अनेकांना वाटतं.

आत मात्र पाणी असतं, आणि पाणी थोडं का होईना वाहक आहे. हिशेब मांडून पाहता येतो. अर्ध्या इंची सीपीव्हीसी पाइपात महापालिकेचं साधं पाणी असेल, तर पाण्याच्या एक मीटर लांबीच्या स्तंभाचा रोध ढोबळमानानं सव्वादोन लाख ओहम भरतो. त्यातून २३० व्होल्टला साधारण एक मिलिअँपिअर प्रवाह जाईल. याच त्या मुंग्या. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्यात रोध पाव होतो आणि प्रवाह चार मिलिअँपिअरवर जातो. आता लांबी कमी करा. नळाच्या अगदी वर बसवलेला इन्स्टंट गिझर, पाइप जेमतेम १० सेंटिमीटर, पाणी बोअरचं. रोध साडेपाच हजार ओहमवर येतो, आणि त्यात शरीराचे हजारभर ओहम मिळवूनही प्रवाह ३५ मिलिअँपिअरपर्यंत पोचतो. हा जीवघेणा आकडा आहे.

म्हणजे प्लास्टिक पाइपात सुरक्षितता मिळते ती अंतरामुळे, आणि अंतर सहज खाल्लं जातं. गिझरपासून भिंतीपर्यंत जाणारा कनेक्शन पाइप बाहेरून स्टीलच्या जाळीनं विणलेला असतो. ती जाळी गिझरच्या धातूला आणि भिंतीवरच्या अँगल कॉकला जोडून टाकते, त्यामुळे तेवढं अंतर विजेच्या दृष्टीनं शून्य होतं. शॉवरचं पाणी थेंबाथेंबानं तुटून पडतं, म्हणून धारेपेक्षा चावी, मिक्सर आणि हातात धरायच्या शॉवरची धातूची नळी जास्त घातक. ब्राझीलमध्ये घरोघरी शॉवरच्या तोंडातच पाणी तापवणारी यंत्रं आहेत, आणि त्यांतल्या अनेकांत कॉइल उघडीच पाण्यात असते. तिथली सगळी सुरक्षा पाण्याच्या स्तंभाच्या लांबीवर आणि अर्थिंगच्या तारेवर टांगलेली आहे.

या हिशेबाचा अर्थ मुंग्या आलेल्या माणसानं नीट समजून घ्यायला हवा. एक मिलिअँपिअर जाणवला म्हणजे दोष लहान आहे असं नव्हे. दोष पूर्ण २३० व्होल्टचाही असू शकतो, फक्त आज मधे एक मीटर पाणी होतं.

किती मिलिअँपिअर पुष्कळ झाले?

कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या चार्ल्स डॅलझील यांनी गेल्या शतकाच्या मध्यात हा प्रश्न स्वयंसेवकांवर तपासला. हातात तांब्याची तार धरायला द्यायची, प्रवाह हळूहळू वाढवायचा, आणि माणसाला तार स्वतःहून सोडता येणं कुठे थांबतं ते पाहायचं. पुरुषांची सरासरी सुमारे १६ मिलिअँपिअर निघाली, स्त्रियांची साडेदहा. त्यापुढे स्नायू आखडतात आणि मूठ मिटलेलीच राहते. म्हणूनच 'करंटनं धरून ठेवलं' असं लोक सांगतात. मुलांच्या बाबतीत ही मर्यादा आणखी खाली येते. प्रवाह छातीतून जात राहिला आणि ५० मिलिअँपिअरच्या आसपास पोचला, की काही सेकंदांत हृदयाची लय बिघडू शकते. हृदय ठोके देण्याऐवजी नुसतं थरथरतं.

कोरड्या, जाड त्वचेचा रोध पुष्कळ असतो. अंघोळीच्या वेळी त्वचा भिजलेली असते, साबणाचं पाणी असतं, पायांत चप्पल नसते. शरीराचा रोध हजार ओहमच्या घरात आला की २३० व्होल्टला प्रवाह होतो २३० मिलिअँपिअर. फ्रान्सचा लोकप्रिय गायक क्लोद फ्रान्स्वा ११ मार्च १९७८ रोजी पॅरिसमधल्या आपल्या घरी टबात उभा राहून भिंतीवरचा तिरका झालेला दिवा सरळ करायला गेला आणि जागीच गेला. भारतात विजेच्या धक्क्यानं दरवर्षी बारा हजारांच्या आसपास माणसं दगावतात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या वर्षांच्या अहवालांतून दिसतं. त्यात शेतातल्या आणि खांबावरच्या तारांचे बळी मोठ्या संख्येनं आहेत, पण घरातलेही आहेत.

अर्थिंग आहे, मग काय बिघडतं?

'आमच्याकडे अर्थिंग आहे' आणि 'आमच्याकडे एमसीबी आहे' ही दोन वाक्यं घरमालक मोठ्या विश्वासानं म्हणतात. दोन्हींची परीक्षा आकड्यांनीच घ्यावी लागते.

नाशिकची जमीन बेसॉल्टची. वर काळी माती किंवा मुरूम, खाली खडक. मीठ-कोळसा घालून केलेला अर्थिंगचा खड्डा पावसाळ्यात चांगला चालतो, पण मे महिन्यात सुकला की त्याचा रोध वाढतो. समजा तो १० ओहम आहे. गिझरमध्ये फेज थेट टाकीला चिकटला, तर जमिनीतून जाणारा प्रवाह जास्तीत जास्त २३ अँपिअर होईल. गिझरला सहसा २० अँपिअरची एमसीबी असते, आणि 'सी' प्रकारच्या एमसीबीला झटक्यात पडण्यासाठी तिच्या क्षमतेच्या पाच ते दहा पट, म्हणजे १०० ते २०० अँपिअर लागतात. २३ अँपिअरला ती पडेलच असं नाही. तेवढा सगळा वेळ गिझरच्या अंगावर दोनशे व्होल्टच्या आसपास दाब राहतो. एमसीबी तारेला जळण्यापासून वाचवण्यासाठी असते, माणसासाठी नव्हे.

त्याहून वाईट म्हणजे काही वायरमनांची पळवाट. सॉकेटमध्ये अर्थिंगची तार नसली की न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात छोटा जंपर टाकून दिला जातो. टेस्टर लावला की सगळं ठीक दिसतं. पण वादळी पावसात खांबावरची न्यूट्रलची तार तुटली, तर घरातल्या दिव्या-पंख्यांतून फेज न्यूट्रलवर येतो आणि जंपरमधून थेट गिझरच्या धातूवर चढतो. त्या वेळी गिझर बंद असला तरी फरक पडत नाही.

जुन्या पद्धतीत नळाच्या लोखंडी पाइपालाच अर्थिंग बांधत असत. तो पाइप मधेच कुणी प्लास्टिकचा केला, की जमिनीशी असलेला संबंध तुटतो आणि घरातली प्रत्येक गळती नळावर साठून राहते. अशा घरात पाइप बदलण्याआधी अर्थिंगची तार कुठे बांधली आहे, हे पाहिल्याशिवाय करवत चालवू नये.

वर्तुळातून जाणाऱ्या दोन तारा

माणसासाठी असलेलं उपकरण वेगळं आहे. त्याचं नाव आरसीसीबी. बाजारात बरेच जण त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. त्याच्या पोटात चुंबकीय गाभ्याचं एक कडं असतं आणि त्यातून फेज व न्यूट्रल दोन्ही तारा जातात. जेवढा प्रवाह गेला तेवढाच परत आला, तर दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतात. तीस मिलिअँपिअर भलत्या वाटेनं गेले, की हिशेब जुळत नाही, कड्यावरच्या गुंडाळीत प्रवाह जागा होतो आणि खटका पडतो. अंबडमध्ये क्रॉम्प्टन ग्रीव्ह्जच्या, म्हणजे आताच्या सीजी पॉवरच्या कारखान्यात उपकेंद्रांसाठी करंट ट्रान्सफॉर्मर बनतात. तारेभोवतीच्या कड्यानं प्रवाह मोजायचं त्यांचं तत्त्व हेच, फक्त तिथे हजारो अँपिअरचा हिशेब असतो आणि इथे एका अँपिअरच्या शंभराव्या हिश्श्यांचा.

प्रमाणानुसार ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीनं १५ ते ३० च्या दरम्यान पडायला हवं. ३० ला ०.३ सेकंदात, आणि पाचपट गळतीला ०.०४ सेकंदात. हृदयाची लय बिघडायला यापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून हा आकडा ठरला. अमेरिकेत हीच मर्यादा पाच मिलिअँपिअरच्या आसपास आहे. डॅलझील यांनीच १९६१ साली तिथलं हे उपकरण आखलं होतं. भारतात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांनी घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअरचं गळती-संरक्षण सांगितलं, फक्त लहान भाराच्या जोडण्या वगळल्या.

आरसीसीबीचा आणखी एक गुण नाशिकच्या कोरड्या मुरुमात फार उपयोगी पडतो. अर्थिंगचा रोध अगदी हजार ओहम झाला, तरी ३० मिलिअँपिअरला गिझरच्या अंगावर फक्त ३० व्होल्ट चढतात आणि तेवढ्यात खटका पडतो. एमसीबीला जे साधत नाही ते इथे साधतं. तरीही अर्थिंग लागतंच. अर्थिंग असेल तर गळती सुरू होताच आरसीसीबी पडतं. नसेल तर माणसाचा हात लागेपर्यंत ते वाट पाहत राहतं. आणि एका हातात फेज, दुसऱ्या हातात न्यूट्रल धरणाऱ्याला ते वाचवू शकत नाही, कारण त्याच्या लेखी तो माणूस म्हणजे एक साधा बल्ब.

मग घरोघरी ते काढून का टाकलं जातं? 'सारखं पडतंय' म्हणून. इन्व्हर्टर बसवताना त्याचा न्यूट्रल आणि घराचा न्यूट्रल एकत्र बांधले, की आरसीसीबीचा हिशेब कायमचा चुकतो. पावसाळ्यात ओल्या भिंतीतली गळती पकडली, की तेही लोकांना त्रासदायकच वाटतं. मग बायपास करून दिला जातो आणि घरातला एकमेव हिशेबनीस रजेवर जातो.

बगदादमधला शॉवर

२ जानेवारी २००८ रोजी बगदादमधल्या एका अमेरिकी तळावर २४ वर्षांचा एक सार्जंट शॉवरखाली गेला आणि विजेच्या धक्क्यानं मेला. इमारतीच्या पाणी चढवणाऱ्या पंपात बिघाड होता, पंपाला अर्थिंग नव्हतं आणि प्रवाह पाइपांतून थेट न्हाणीघरापर्यंत आला होता. अमेरिकी संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी या प्रकरणाची चौकशी केली. सगळ्यात अस्वस्थ करणारी बाब अशी की त्याच इमारतीत राहणाऱ्यांनी शॉवरमध्ये शॉक बसल्याच्या तक्रारी त्याआधीच नोंदवल्या होत्या. मुंग्या येत होत्या, लोक सांगत होते, आणि पंप चालू होता.

मुंग्या आल्यावर

नळाला किंचितही करंट जाणवला तर चावी सोडून कोरड्या जागी यावं आणि ओल्या हातानं गिझरचं बटण न शोधता बाहेर येऊन मेन स्विच बंद करावा. गिझरच्या बटणावर विसंबण्यात एक फसवणूक आहे. वायरिंग उलटं असेल, तर एकेरी बटण न्यूट्रल तोडतं आणि टाकीत फेज तसाच राहतो. गिझरला दोन्ही तारा तोडणारा डबल-पोल स्विच हवा, तोही न्हाणीघराबाहेर. पाणी आधी तापवून स्विच बंद करून मग अंघोळीला जाणं यासाठीच शहाणपणाचं. हीटर रॉड बादलीत असताना पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालून ते तापलं का, हे मात्र कुणीही बघू नये.

कुणी चिकटलं असेल तर त्याला हातानं ओढू नये. आधी मेन बंद. ते शक्य नसेल तर कोरड्या काठीनं किंवा प्लास्टिकच्या स्टुलानं त्याला दूर सारावं, आपण स्वतः कोरड्या जागी उभं राहून. श्वास नसेल, तर १०८ ला फोन लावतानाच छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब द्यायला सुरुवात करावी. महावितरणचा तक्रार क्रमांक १९१२ आहे, पण मीटरच्या पुढचं वायरिंग ही ग्राहकाची जबाबदारी. तिथे परवानाधारक ठेकेदारच लागतो. विजेचा अपघात घडल्यास वीज कायदा २००३ च्या कलम १६१ नुसार तो विद्युत निरीक्षकांना कळवावा लागतो.

तपासणीला आलेल्या वायरमनकडे निऑन टेस्टरशिवाय काही नसेल, तर तपासणी अर्धवट होते. टेस्टर अगदी क्षुल्लक प्रवाहालाही पेटतो आणि कधी खऱ्या दोषातही पेटत नाही. लागतो तो ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे आवरणाचा रोध मोजणारं यंत्र. गिझर वेगळा करून कॉइल आणि टाकी यांच्यातला रोध मोजायचा. तो एक मेगाओहमच्या खाली आला तर कॉइल बदलायची. मग मोटर, मग वायरिंग, आणि शेवटी अर्थिंगचा खड्डा. खड्ड्याची मोजणी पावसाळ्यात करून घेतली तर आकडा नेहमी छानच येतो. ती एप्रिल-मेमध्ये करावी, मुरूम सुकलेला असताना. ३० मिलिअँपिअरचं दोन पोलचं आरसीसीबी दोन-अडीच हजारांपर्यंत मिळतं. त्यावरचं 'टी' अक्षराचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायचं. दाबल्यावर घरातले दिवे गेले नाहीत, तर ते त्याच दिवशी बदलायचं.